कर्करोगासारखी दिसणारी, पण कर्करोग नसलेली गाठ: नव्या पॅथॉलॉजिस्टांसाठी जळगावचे काही अनुभव

जळगावात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम सुरू केले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यासमोर एक मूत्रपिंड आले. फॉर्मवर ‘डाव्या मूत्रपिंडात गाठ, कॅन्सर?’ एवढेच लिहिलेले होते. सीटीचा कागद सोबत नव्हता, लघवीचा रिपोर्ट नव्हता आणि रुग्ण बाईंना मधुमेह आहे की नाही याचाही उल्लेख नव्हता. सुरी घातली तशी ती मध्येच अडली. हाताने उघडून पाहिले तेव्हा आत हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला मुतखडा घट्ट बसलेला होता, त्याच्या भोवतीच्या पोकळ्या फुगून पुवाने भरल्या होत्या आणि प्रत्येक पोकळीच्या कडेने हळदीसारखा पिवळा, मऊ थर जमला होता. तो थर मूत्रपिंडाच्या बाहेरच्या चरबीतही शिरला होता. क्लिअर सेल कार्सिनोमाचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाचा कापही असाच सोनेरी-पिवळा दिसतो, त्यामुळे माझ्या मनात आधी कर्करोगच आला, हे मला स्पष्ट आठवते.

स्लाइडवर मात्र पेशी वेगळ्या निघाल्या. फेसाळ, चरबीने भरलेले मॅक्रोफेज (मोडलेले ऊतक गिळणाऱ्या पेशी), मधूनमधून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि त्यांच्यात मिसळलेल्या प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट व न्यूट्रोफिल या सुजेच्या पेशी असे ते चित्र होते. केंद्रके लहान व शांत होती. क्लिअर सेल कार्सिनोमात पेशींच्या गटांभोवती नाजूक रक्तवाहिन्यांचे जे जाळे असते, ते कुठेही नव्हते. या आजाराला झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस म्हणतात. श्लागेनहाउफर यांनी त्याचे वर्णन १९१६ साली केले. खड्याने लघवीचा मार्ग अडतो, मागे साचलेल्या जागेत प्रोटियस किंवा ई. कोलाय या जंतूंचा संसर्ग दीर्घकाळ धुमसत राहतो, ऊतक मोडते आणि त्यातून सुटलेली चरबी मॅक्रोफेज गिळतात. पिवळा रंग येतो तो तिथूनच. शंका उरली तर आयएचसीने, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवणाऱ्या तपासणीने उत्तर मिळते: मॅक्रोफेज सीडी-६८ला रंगतात, पण कर्करोगाच्या पेशी ज्यांना रंगतात त्या केराटिन आणि पॅक्स-८ला रंगत नाहीत. पण त्या दिवशी मला खरा आधार आयएचसीने नव्हे, तर हाताला लागलेल्या त्या खड्याने दिला. दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्टकडे जाऊन सीटी पाहिला, तर फुगलेल्या पोकळ्या अस्वलाच्या पंजासारख्या मांडलेल्या होत्या. तो फोटो मी आधी पाहिला असता, तर सुरी हातात घेण्यापूर्वीच विचाराला दिशा मिळाली असती.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि एम.डी. होऊन बाहेर पडणारे तरुण मला नेहमी विचारतात की असे दुर्मीळ आजार ओळखायचे कसे. चित्रे पाठ करणे त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते वेगळेच: ‘इथे सूज आहे’ हे निदान नव्हे, ही गोष्ट मनात पक्की मुरवणे. कर्करोगाच्या भोवतीही सूज असते, कर्करोग अडथळा आणतो म्हणूनही संसर्ग होतो आणि सुई दोन मिलिमीटर बाजूला गेली तर तुमच्या स्लाइडवर फक्त ती सूजच येते. कर्करोग दिसला नाही म्हणजे गाठ सौम्य ठरत नाही. सौम्य आजाराचा स्वतःचा पुरावा हाती लागला आणि तो पुरावा त्या गाठीच्या आकाराला, जागेला व रुग्णाच्या कहाणीला पुरून उरला, तरच ते निदान लिहावे.

हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असताना, माझ्याकडे जाड भिंतीचे पित्ताशय आले. भिंतीत पिवळसर गाठी होत्या, आत खडे होते. नेहमीच्या पद्धतीने मी तीन तुकडे घेतले. तिन्हींत फेसाळ मॅक्रोफेज, पित्ताचे तपकिरी कण आणि तंतुमय ऊतक होते. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिसचे चित्र सरळ जुळत होते, कारण या आजारात पित्ताशयाच्या भिंतीत शिरलेल्या अस्तराच्या घड्या (रोकिटान्स्की-आशॉफ सायनस) फुटून पित्त भिंतीत झिरपते आणि तिथे मॅक्रोफेज गोळा होतात. मी तसा रिपोर्ट तयार करून त्यात ‘कर्करोग आढळला नाही’ हे वाक्यही लिहिले. सही करण्यापूर्वी माझ्या वरिष्ठांनी बरणी परत मागवली. त्यांनी पित्ताशय सपाट उलगडले, आतल्या अस्तरावर बोट फिरवले आणि मानेजवळच्या एका खडबडीत जागेवर थांबले. त्या जागेतून घेतलेल्या चौथ्या ब्लॉकमध्ये (स्लाइडसाठी मेणात बसवलेल्या तुकड्यात) ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोग होता. दोन्ही आजार एकाच पित्ताशयात शेजारी शेजारी असू शकतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते, पण ते वाक्य माझ्या हातांपर्यंत पोहोचलेले नव्हते. तेव्हापासून पित्ताशयाची भिंत जाड आणि पिवळी दिसली की मी अस्तराचा प्रत्येक संशयास्पद भाग, बुडाचा भाग आणि सिस्टिक डक्टची (पित्ताशयाच्या नळीची) कापलेली कड ब्लॉकमध्ये टाकते, मग ब्लॉक दहा होवोत किंवा पंधरा. टेक्निशियनची कुरकुर सहन करावी लागते, ती करावी. सीटीवर अस्तराची रेघ अखंड असणे आणि भिंतीत कमी घनतेच्या गाठी दिसणे हे सौम्य आजाराच्या बाजूचे संकेत आहेत, पण ते संकेतच आहेत. सीए १९-९ हे रक्तातील कर्करोगाचे निदर्शक या सौम्य आजारातही वाढलेले असू शकते, म्हणून एकट्या त्या आकड्यावरून कोणत्याही बाजूला झुकू नये.

स्तनाच्या गाठींकडे मात्र मी नव्या लोकांचे लक्ष सर्वांत जास्त वेधते, कारण आपल्या भागात त्यात दोन्हीकडून नुकसान होताना मी पाहिले आहे. चोपड्याकडची तिशीतली एक बाई माझ्याकडे एफएनएसीसाठी (बारीक सुईने पेशी काढून करायच्या तपासणीसाठी) आली होती. धाकटी मुलगी दोन वर्षांची. एका स्तनात कठीण, वेडीवाकडी गाठ, वरची त्वचा लाल आणि दोन ठिकाणी छिद्रे पडून पू येत होता. सोनोग्राफीत कर्करोगाचा संशय लिहिला होता. आधी दुसऱ्या एका ठिकाणी सुईची तपासणी होऊन ‘ग्रॅन्युलोमा’ (मॅक्रोफेजचा पुंजका, जो क्षयातही दिसतो) हा शब्द आल्याबरोबर क्षयाची औषधे सुरू झाली होती. जंतू कोणी पाहिले नव्हते, कल्चर पाठवले नव्हते. तीन महिने गोळ्या खाऊनही गाठ वाढतच होती. सुई टोचण्याआधी मी तिचा हात धरला तेव्हा तिने एवढेच विचारले, “ताई, मनी पोरले दूध पाजू का नको?” घरातले सगळे कॅन्सर म्हणून रडत होते आणि तिला चिंता होती मुलीच्या दुधाची.

बायोप्सीत ग्रॅन्युलोमा नेमके स्तनाच्या लोब्युलभोवती (दूध तयार करणाऱ्या भागांभोवती) केंद्रित होते, त्यांच्यात न्यूट्रोफिल होते आणि मध्ये चरबी विरघळून गेल्यावर उरतात तशा स्वच्छ गोल पोकळ्या होत्या. इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचे (कर्करोग नसलेल्या, कारण न कळलेल्या स्तनाच्या सुजेचे) हे चित्र केसलर आणि वोलोक यांनी १९७२ साली मांडले. तो बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत, तरुण स्त्रियांत दिसतो. त्या पोकळ्यांच्या आत ग्रॅम स्टेनवर बारीक जांभळे दंडगोल जंतू सापडू शकतात. कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी हा चरबीवर वाढणारा जंतू त्यांतला एक. ते फार थोडे असतात, म्हणून तेलाच्या लेन्सखाली एकेक पोकळी शांतपणे पाहावी लागते. मी त्या दिवशी पाऊण तास पाहिले आणि दोन पोकळ्यांत मला ते दिसले.

पण हे निदान लिहिण्यापूर्वी क्षय नाकारावाच लागतो. क्षयाचे जंतू रंगवणारा झील-नील्सन स्टेन नकारात्मक आला म्हणून क्षय नाकारला गेला असे होत नाही, कारण ऊतकात जंतू कमी असतात. म्हणून मी माझ्याकडे बायोप्सी पाठवणाऱ्या प्रत्येक सर्जनला एकच विनंती करते: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये द्या आणि दुसरा नॉर्मल सलाइनमध्ये. सगळे ऊतक फॉर्मॅलिनमध्ये बुडाले की कल्चरचा मार्ग कायमचा बंद होतो. सलाइनमधल्या तुकड्यातून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर दोन्ही करता येतात. दुसऱ्या एका बाईच्या अगदी अशाच दिसणाऱ्या गाठीत सीबीनॅट पॉझिटिव्ह आले होते. तिला मॅस्टायटिस समजून घाईने स्टेरॉइड दिले गेले असते तर क्षय पसरला असता. एकीला क्षयाची औषधे विनाकारण, दुसरीला स्टेरॉइड विनाकारण. या दोन्ही टोकांमध्ये तो सलाइनमधला नखाएवढा तुकडा उभा असतो.

स्वादुपिंडाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यातले निर्णय बहुतेक वेळा मोठ्या शहरांत होतात आणि आपल्याकडे स्लाइड दुसऱ्या मतासाठी येतात. रावेरच्या एका केळी बागायतदाराला वेदनेशिवाय कावीळ झाली, सीटीवर स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ दिसली आणि बाहेर मोठी शस्त्रक्रिया झाली. स्लाइडवर चटईच्या विणीसारखे फिरणारे तंतू, बुजलेल्या शिरा आणि प्लाझ्मा पेशींची गर्दी होती; आयजीजी-४ (एक प्रतिपिंड) ला रंगणाऱ्या पेशी भरपूर होत्या आणि एकूण आयजीजी पेशींशी त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. हा आयजीजी-४ संबंधित आजार होता, कर्करोग नव्हे; तो लाळग्रंथींनाही सुजवतो आणि त्यावर स्टेरॉइड देतात. रक्तातील आयजीजी-४ आणि स्वादुपिंडाच्या या आजाराचा संबंध २००१ साली हमानो आणि सहकाऱ्यांनी दाखवला, त्यानंतरच जग त्याकडे नीट पाहू लागले. शस्त्रक्रियेनंतर मी त्या गृहस्थांशी बोलले तेव्हा कळले की जबड्याखाली दोन्ही बाजूंना त्यांना वर्षभर सूज होती आणि ती कोणीच फॉर्मवर लिहिली नव्हती. त्या सुजेने कदाचित सगळा मार्ग बदलला असता. तरीही रक्तातले आयजीजी-४ काही कर्करोगांतही वाढलेले सापडते, आणि कर्करोग काळजीपूर्वक नाकारल्याशिवाय स्टेरॉइड देऊन पाहणे धोक्याचे आहे, हे विसरू नये.

कर्करोगासारख्या दिसणाऱ्या बाकीच्या आजारांची नावे एकदा मनात नोंदवून ठेवा. मॅलाकोप्लाकिया या दीर्घ सुजेच्या आजारात मॅक्रोफेजमधले मिशाएलिस-गुटमन कण शोधा. ते घुबडाच्या डोळ्यासारखे वर्तुळात वर्तुळ असतात आणि पास, पर्ल्स व फॉन कोसा या तिन्ही स्टेनना रंगतात. ॲक्टिनोमायकोसिस या जंतुसंसर्गात पुवातले पिवळे दाणे ग्रॉसिंगच्या (अवयव उघड्या डोळ्यांनी पाहून तुकडे घेण्याच्या) वेळीच वेचून वेगळे ठेवा, नाहीतर ते धुऊन जातात. ‘इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर’ हा शब्द मात्र मी रिपोर्टात लिहीत नाही. या नावाखाली पूर्वी जे आजार टाकले जात त्यांतला इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर हा खरा अर्बुद (पेशींच्या वाढीची गाठ) आहे, सुमारे निम्म्या रुग्णांत त्यात एएलके जनुकाची पुनर्रचना सापडते आणि तो परत उद्भवू शकतो. ‘खोटी गाठ’ असे वाचून सर्जन निर्धास्त होतो आणि रुग्ण पुन्हा येत नाही.

रिपोर्ट लिहिताना तीन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात: काय दिसले, काय शोधले पण सापडले नाही, आणि हे ऊतक त्या गाठीचे प्रतिनिधित्व करते असे मला वाटते की नाही. तिसरे वाक्य लिहायला संकोच वाटतो, कारण त्यात सर्जनच्या सुईबद्दल शंका घेतल्यासारखे होते. मी आधी फोन करते, मग लिहिते. नंदुरबारच्या एका सर्जनने एकदा रागाने फोन ठेवला होता. आठवड्याने त्यांनीच दुसरी बायोप्सी पाठवली आणि तिच्यात कर्करोग निघाला.

शिकण्याच्या काळात शक्य तितके ग्रॉसिंग स्वतःच्या हाताने करा, एफएनएसीला येणाऱ्या रुग्णाशी पाच मिनिटे बोला आणि अशा गाठींसाठी एक वही ठेवा. माझ्या वहीत शेवटचा रकाना ‘पुढे काय झाले’ असा आहे, आणि तो भरण्यासाठी मी महिन्यातून एक दुपार फोन करण्यात घालवते. बरेच रकाने रिकामे आहेत. चोपड्याच्या त्या बाईच्या ओळीत आठ महिन्यांनंतरची नोंद आहे: क्षयाची औषधे बंद, फिजिशियनकडे नियमित तपासणी, दोन्ही छिद्रे भरली, गाठ हाताला लागत नाही, शस्त्रक्रिया झाली नाही.