गर्भपिशवीतील संसर्ग वेळीच कसा ओळखावा

गरोदरपणाच्या ३७ आठवड्यांआधी गर्भजलाची (बाळाभोवतीच्या पाण्याची) पिशवी फुटून अंगावरून पाणी गेले, तर कळांची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण योनिमार्गातील जंतू वर चढून गर्भजलात शिरण्याचा धोका तेव्हा वाढतो. जंतू तेथे पोहोचले की आईच्या व बाळाच्या पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा ही दाह निर्माण करणारी संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे रसायन) वाढून अकाली कळा सुरू होऊ शकतात, शिवाय हाच दाह बाळाच्या फुप्फुसांना व मेंदूला इजा करू शकतो. म्हणजे नुकसान केवळ जंतूच करतात असे नाही.

स्वच्छ पॅड ठेवून पाण्याचा रंग व वास पाहावा आणि थर्मामीटरने ताप मोजावा. ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, दुर्गंधी, ओटीपोट दाबताच दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण गंभीर मानावे. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो, हे मात्र अनेकदा विसरले जाते. घरी आतून तपासणी करू देऊ नये.

पाटण-जावळीच्या डोंगराळ गावांतून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ क्रमांकावर लगेच फोन करावा. प्रतिजैविक कोणते द्यायचे आणि प्रसूती केव्हा करायची, हे डॉक्टरच ठरवतील.