किराण्याची यादी डब्यापासून

किराण्याची यादी बसून करू नये, उभ्याने करावी. खुर्चीवर बसून आठवेल तसे एकेक नाव उतरवत गेले की कागदावर तेच पदार्थ येतात जे सदैव तोंडी असतात, म्हणजे चहा, साखर, तेल, तूरडाळ आणि साबण. मोहरी, हिंग, खाण्याचा सोडा आणि काडेपेटी हमखास सुटतात, आणि मग त्या एका काडेपेटीसाठी घरातल्या कोणाला तरी कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळावे लागते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, ही शिक्षाच असते.

म्हणून महिना संपायला चार-पाच दिवस असताना, दुपारची जेवणे आटोपल्यावर, कागद आणि पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातल्या फळ्यांसमोर उभे राहावे. वरच्या फळीपासून सुरुवात करून प्रत्येक डबा उघडावा, आत किती आहे ते डोळ्यांनी पाहावे, आणि मगच त्या पदार्थाची ओळ लिहावी. डबा हलवून अंदाज घेण्याची सवय अनेकांना असते, परंतु हलवल्यावर पाव किलो साबुदाणा आणि पाऊण किलो साबुदाणा जवळजवळ सारखाच वाजतो. पहिल्या वेळी या कामाला तासभर लागेल. सवय झाल्यावर वीस मिनिटे पुरतात.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असाव्यात: पदार्थ आणि त्याचा प्रकार, घरात शिल्लक किती, आणि आणायचे किती. आमच्या घरच्या एका यादीतल्या चार ओळी अशा होत्या:

तूरडाळ, फटका – आहे पाऊण किलो – आणणे ३ किलो
तांदूळ, एचएमटी जुना – आहे ४ किलो – आणणे १० किलो
फल्लीदाणे (शेंगदाणे), बारीक – आहेत मूठभर – आणणे १ किलो
मोहरी, बारीक – डबा भरलेला – नको

चौथी ओळ निरर्थक वाटेल; नको असलेली वस्तू यादीत कशासाठी, असा प्रश्न पडेल. पण दुकानात उभे असताना ‘मोहरी राहिली का?’ ही शंका येते तेव्हा हीच ओळ कामास येते. ती नसेल तर आपण ‘असू द्या पाव किलो’ म्हणतो, आणि फळीवर मोहरीचा तिसरा पुडा जमा होतो.

आणायचे किती, हा आकडा बहुतेक घरांत पिढीजात असतो. सासूबाई दोन किलो आणत म्हणून सूनही दोन किलो आणते, मग घरातली माणसे सातांची चार झालेली का असेनात. आकडा काढण्याची माझ्या अनुभवातली सर्वांत सोपी रीत म्हणजे डबा भरला त्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारीख आणि वजन लिहून ठेवणे. समजा, तीन तारखेला दोन किलो तूरडाळ भरली आणि एकवीस तारखेला डबा रिकामा झाला. अठरा दिवसांत २००० ग्रॅम म्हणजे दिवसाला सुमारे ११० ग्रॅम, आणि तीस दिवसांना जवळपास ३ किलो ३०० ग्रॅम. पाऊण किलो शिल्लक असताना तीन किलो आणली की महिना आरामात निघतो आणि चार पाहुणे आले तरी वरणात पाणी वाढवावे लागत नाही. अशी नोंद लागोपाठ दोन महिने केली की पुढे वर्षभर तोच आकडा चालतो; फक्त मुलांच्या सुट्ट्या, लग्नसराई आणि दिवाळी यांचा हिशोब वेगळा धरावा.

प्रकार लिहिण्याबाबत मी जरा हट्टी आहे, त्याला कारण आहे. आता यादी आपण स्वतः घेऊन जातोच असे नाही; तिचा फोटो काढून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि सामान घरी येते. एकदा मी घाईत नुसते ‘डाळ २ किलो’ असे लिहून पाठवले आणि दोन किलो चणाडाळ आली. दुकानदाराचा काहीच दोष नव्हता; त्या आठवड्यात सणामुळे सगळे पुरणासाठी चणाडाळच नेत होते. तांदळाचे तर विचारूच नये. पूर्व विदर्भ हा धानाचा प्रदेश असल्यामुळे इथे ‘तांदूळ’ या एका शब्दाने काहीच कळत नाही. श्रीराम, चिन्नोर, एचएमटी या प्रत्येकाचा भात वेगळा होतो. यातला एचएमटी हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढला आणि त्याला नाव मिळाले ते एचएमटी कंपनीच्या घड्याळावरून. नावाबरोबर नवा की जुना हेही लिहावे. दिवाळीच्या सुमारास आलेल्या नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तर वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त घेतो आणि मोकळा शिजतो. म्हणून रोजच्या वरण-भातासाठी जुना आणि गोळाभातासाठी थोडा नवा, अशी आमच्याकडे विभागणी असते.

खरेदीचे सामान्यतः तीन फेरे असतात: वर्षाचा, महिन्याचा आणि आठवड्याचा. तिन्हींच्या याद्या एका कागदावर आल्या की गोंधळ होतो. वर्षाचा फेरा होळीनंतर सुरू होतो, कारण तोवर नवी तूर बाजारात येऊन गेलेली असते, गहू येऊ लागतो आणि भिवापुरी मिरचीचेही दिवस असतात. घाऊक खरेदीसाठी इतवारीतली किराणा ओळ आणि मस्कासाथ हे भाग जुन्या नागपूरकरांना पाठ आहेत, आणि तिथे एका दुकानात भाव विचारून लगेच थैली उघडू नये. किमान तीन दुकानांत नमुना हातात घेऊन पाहावा, गव्हाचे दोन दाणे दाताखाली फोडावेत, डाळीत बोटे घालून तळाशी चुरा किती आहे ते बघावे. मिरची अख्खी घेऊन, उन्हात कडक वाळवून, देठ काढून डंकावर कुटून आणलेली बरी. कुटलेले मसाले सुटे विकण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, ती उगीच नाही; भेसळ भुकटीत लपते, अख्ख्या मिरचीत लपत नाही.

वर्षाचे धान्य भरण्याचा मोह मात्र घरातली जागा पाहूनच धरावा. नागपूरच्या एप्रिल-मेमधल्या उन्हासारखे वाळवण्याचे साधन दुसरे नाही, पण गच्ची नसलेल्या फ्लॅटमध्ये पन्नास किलो गहू आणून ठेवणे म्हणजे सोंड्यांना निमंत्रण देणे होय. ज्यांना गच्ची आहे त्यांनी धान्य दोन-तीन उन्हे दाखवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच कोठीत भरावे, कारण गरम धान्य भरले तर आत घाम धरते. मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि तूरडाळीला एरंडेलाचा पुसट हात लावावा. पाऱ्याच्या गोळ्या काही घरांत अजूनही वापरतात. पारा हे विष आहे, तेव्हा तो अन्नात नको.

याउलट बेसन, रवा, मैदा आणि पोहे पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणावेत. शहरातल्या एका मोठ्या दुकानात जूनमध्ये बेसनावर घसघशीत सूट लागली होती आणि मी पाच किलो घेतले. ऑगस्टच्या मध्यावर झुणक्यासाठी डबा उघडला तर बेसनात जाळी धरलेली आणि अळ्या फिरत असलेल्या. सवलतीत वाचलेले पैसे आणि फेकलेल्या तीन किलो बेसनाचे पैसे यांचा मेळ मी मुद्दाम घातला नाही.

महिन्याच्या फेऱ्यात सगळ्यांत जास्त फसगत होते ती पाकीटबंद मालात, आणि त्यातही तेलात. सोयाबीनचे एक लिटर तेल वजनाने सुमारे ९१० ग्रॅम भरते. पाकिटांची मापे ठरवून देणारा जुना नियम २०२२मध्ये गेल्यापासून बाजारात ८५० किंवा ८०० ग्रॅमची पाकिटेही दिसू लागली, जी आकाराने लिटरच्या पाकिटासारखीच वाटतात. उदाहरणादाखल ९१० ग्रॅमचे पाकीट १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमचे १४५ रुपयांना आहे असे धरू. दुसरे पाच रुपयांनी स्वस्त दिसते. किलोचा भाव काढला तर पहिले साधारण १६५ रुपयांना पडते आणि दुसरे १७१ रुपयांना. मोठ्या डब्यातही हीच मेख आहे, कारण १५ किलोचा पिपा आणि १५ लिटरचा कॅन एक नव्हेत, कॅनमध्ये तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर असते. प्रत्येक वेळी भागाकार करण्याची गरज नाही. पाकिटावर कमाल किमतीशेजारी दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव, म्हणजे एकक विक्री किंमत, छापणे आता बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात, तेव्हा चष्मा विसरू नये.

तांदळाच्या २६ किलोच्या पोत्याचे गूढही इथेच सांगून टाकतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्यावर आणि सुट्या धान्यावर तो नाही. ज्यांच्याकडे तांदूळ भरपूर लागतो त्यांना मोठे पोते किंवा सुटा माल परवडतो, परंतु दोघांच्या घराने कर वाचवण्यासाठी २६ किलो तांदूळ घेण्यात शहाणपण नाही. कर बदलला की भावही बदलतो, म्हणून यादीत मागच्या महिन्याचा भावही लिहावा आणि तो जुना झाला की खोडावा. अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि शाम्पू यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा माझ्या यादीतले त्या वस्तूंचे सगळे आकडे मला नव्याने लिहावे लागले होते.

दुकानात शिरल्यावर यादीबाहेरची वस्तू खुणावणारच. तिला सरसकट नकार देण्याचा नियम मी करून पाहिला, तो टिकला नाही. आता मी ती वस्तू यादीच्या मागच्या बाजूला लिहितो आणि पुढच्या महिन्यात घ्यायची असे ठरवतो. पुढच्या महिन्यात बहुतेक नावे मला आठवतसुद्धा नाहीत.

आठवड्याच्या भाजीची यादी मात्र निराळी असते, कारण तिथे नावे आधी ठरवून उपयोग नसतो. ‘पालेभाजी दोन वेळा, फळभाजी चार वेळा, कोशिंबिरीचे, आलू-कांदे, सांबार’ एवढे लिहावे आणि कोणती पालेभाजी ते बाजारात पाहून ठरवावे. (पुण्याहून आलेल्या भाच्याने या यादीतला सांबार वाचून इडली कधी आहे असे विचारले होते, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो हे त्याला ठाऊक नव्हते.) हिवाळ्यात पोपटाच्या (वालाच्या) शेंगा आणि तुरीचे सोले दिसले की ठरवलेली फळभाजी खुशाल रद्द करावी, ते दिवस थोडेच असतात. कॉटन मार्केटला जायचे तर सकाळी लवकर जावे. गोकुळपेठेत किंवा आठवडी बाजारात संध्याकाळी उशिरा भाव उतरतो, पण उन्हाळ्यात दिवसभर तापलेली मेथी त्या भावातही महाग पडते. विक्रेता ‘वीस रुपये’ म्हणतो तेव्हा ते बहुधा पावाचे असतात, म्हणून मनात लगेच चारने गुणून किलोचा भाव धरावा आणि मगच पुढच्या ठेल्याशी तुलना करावी. कापडी थैल्या दोन न्याव्यात, एकीत आलू, कांदे, कोहळे आणि दुसरीत भेदरे (टोमॅटो), सांबार आणि पालेभाज्या, म्हणजे घरी येईपर्यंत भेदऱ्यांचे सार होत नाही.

सामान घरी आल्यावर ते डब्यांत भरण्याची घाई करू नये. यादी, बिल आणि वस्तू असे तिन्ही समोर ठेवून एकेका ओळीवर खूण करावी. माझ्या बिलात एकदा एकच चहाचे पाकीट दोनदा लागले होते. त्याच दिवशी बिल घेऊन गेल्यामुळे पैसे परत मिळाले, आठवड्याने गेलो असतो तर कोणी ऐकले नसते. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले आणि दुकानदार ऐकतच नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठीही बिल लागतेच. मग डबा रिकामा करून, पुसून, नवा माल खाली आणि जुना वर असा भरावा आणि झाकणाची तारीख बदलावी.

जुन्या याद्या फेकू नयेत. वर्षभराच्या बारा एका टाचणीत मावतात. श्रावणात साबुदाणा, भगर आणि फल्लीदाणे किती लागतात हे मागच्या श्रावणाची यादीच सांगू शकते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि जेवायला येणारी माणसे यांचा हिशोब दरवर्षी नव्याने मांडायचा म्हटले तर आठवडा जातो. आमच्याकडची महालक्ष्म्यांची यादी सहा वर्षांची आहे. तिच्यात दरवर्षी वेगळ्या शाईने दुरुस्ती होते, आणि मागच्या वर्षी आंबिलीसाठीची ज्वारी दीड किलोची एक किलो केली, कारण दुसऱ्या दिवशी अर्धे पातेले उरले होते.