फिल्टरवरच्या धुळीत काय काय आहे बघताय? मग या चुका टाळा

कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे, त्यामुळं पीएम २.५ (हवेतली अगदी बारीक धूळ) किती हे सगळे विचारतात, पण त्यात नेमकं काय आहे हे कळायला पंपानं हवा ओढून धूळ धरलेला फिल्टर लॅबला द्यावा लागतो आणि घोळ बहुतेक वेळा लॅबच्या आधीच झालेला असतो.

एकाच फिल्टरवर सगळं उरकायला जाऊ नका. वजन आणि धातूंसाठी टेफ्लॉन, कार्बनसाठी क्वार्ट्झ, तोही आधी भट्टीत ५५० डिग्रीला काही तास भाजून. स्वस्त पडतो म्हणून ग्लास फायबर लावला तर त्यातलंच सोडियम, झिंक, बेरियम रिपोर्टमध्ये येतं आणि आपण बसतो कारखाने शोधत.

फील्ड ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा कोरा फिल्टर, तर सर्रास गाळतात. पंप मिनिटाला १६.७ लिटर ओढतो म्हणजे २४ तासात साधारण २४ घनमीटर हवा, पीएम घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम धरला तरी फिल्टरवर जेमतेम दीड मिलिग्रॅम माल बसतो, त्यात नुसत्या बोटाच्या घामानं सोडियम-क्लोराइड वाढतंय. म्हणून हवा न ओढता साइटवर नेऊन आणलेला कोरा फिल्टर पाहिजेच.

नायट्रेट एकदम कमी आलं? फिल्टर दुपारभर गाडीच्या डिकीत होता का ते आधी विचारा, कारण अमोनियम नायट्रेट उन्हात उडून जातं. आइसबॉक्स न्या राव. वजन मात्र पावसाळ्यात उलटं वाढतं, सल्फेट पाणी धरतं ना, त्यामुळं आधी-नंतर दोन्ही वेळा फिल्टर ठरलेल्या तापमान-आर्द्रतेत २४ तास ठेवूनच तोला.

आता खरी गंमत. पोटॅशियम वाढलं की लगेच "उसाचा पाला पेटवला" म्हणायचं, पण दिवाळीच्या फटाक्यातही पोटॅशियम असतंय आणि गळीत हंगाम साधारण त्याच सुमाराला सुरू होतो. लेव्होग्लुकोसान नावाचं संयुग मोजा, ते मुख्यतः लाकूड, पाला, चिपाड असलं काही जळल्यावर येतं. तसंच लोखंड दिसलं की शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवर (लोखंड ओतायच्या कारखान्यांवर) ढकलू नका, आपली मातीच लोखंडानं भरलेली आहे, लोखंड-अॅल्युमिनियमचं गुणोत्तर मातीच्या मानानं किती जास्त आहे ते बघा, जोडीला झिंक, मँगनीज पण वाढलंय का तेही. आणि अॅल्युमिनियमच कमी आला असेल तर लॅबला विचारा धूळ कशात विरघळवली, नुसत्या नायट्रिक अॅसिडमध्ये मातीतले सिलिकेट (ज्यात अॅल्युमिनियम असतं) पूर्ण विरघळत नाहीत, मग गुणोत्तर फुकटच फुगतं.