भुवई दुखायची, मूळ निघालं मानेत

डाव्या कानामागे ठणका आणि त्याच बाजूच्या भुवईवर जडपणा, असं बरेच दिवस चाललं होतं. डोळे तपासले, नंबर तोच. शेवटी फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला उजवीकडे बघायला सांगितलं आणि मानेच्या डाव्या बाजूला ताठ होऊन वर आलेला स्नायू अलगद चिमटीत धरला. कळ थेट भुवईत गेली!

हा स्टर्नोक्लाइडोमास्टॉइड. छातीचं मधलं हाड आणि कॉलरबोन इथून निघून तो कानामागच्या हाडाच्या उंचवट्याला जोडला जातो. डावीकडचा आकसला की चेहरा उजवीकडे वळतो, डोकं मात्र डाव्या खांद्याकडे कलतं. शरीराची ही रचना मला फार सुंदर वाटते.

ऑफिसात माझा मोठा स्क्रीन उजवीकडे होता, म्हणजे दिवसभर राबत होता तो डावाच. स्क्रीन समोर घेतला. मान उजव्या खांद्याकडे झुकवून चेहरा सावकाश डावीकडे, किंचित वर, असा ताण रोज दिला. हळूहळू ठणका थांबला.

मालीश मात्र चिमटीतच, तीही हलकी. या स्नायूखालून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी जाते, तिथे बोटं खुपसून दाबू नका. चक्कर, ताप किंवा हाताला मुंग्या असतील तर आधी डॉक्टर गाठा.