स्पॅनिशमधलं ‘अजूनही’
सीताबर्डीवर बसची वाट बघतोय: ‘एस्तोय एस्पेरांदो’. वीस मिनिटं झाली, बसचा पत्ता नाही. आता म्हणा ‘सिगो एस्पेरांदो’, अजूनही बघतोच आहे. ‘सेगिर’ (चालू ठेवणं; ‘सिगो’ हे त्याचंच रूप) ला मुख्य क्रियापदाचं ‘-आंदो’ किंवा ‘-येंदो’चं रूप जोडलं की झालं. किती वेळ, तेही सांगायचंय? ‘येवो मेदिया ओरा एस्पेरांदो’. शब्दशः अर्धा तास ‘वाहून नेतोय’. नागपूरच्या मे महिन्यात हे फारच पटतं! दुकान अजून बंदच असेल तर ‘ला तिएन्दा सीगे सेर्रादा’, ‘तिएन्दा’ स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. नकारात मात्र मी कैकदा आपटलो. ‘नो सिगो एस्पेरांदो’ म्हणजे वाट बघणंच सोडलं. बस अजून आलेली नाही, यासाठी ‘सिन’ (‘शिवाय’) आणि मूळ क्रियापद: ‘एल आउतोबूस सीगे सिन येगार’.