हार्मोन क्रीम: नळीवरची खूण ओलांडू नका

पाळी जाऊन दोन-चार वर्षं झाली की खाली कोरडं पडणं, खाज, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं असे त्रास अनेकींना सुरू होतात. सोलापुरात मार्च ते जून हे सगळं एका शब्दात मिटवलं जातं: उष्णता झाली. मग सब्जा, जिऱ्याचं पाणी, भिजवलेले धने. पाणी जास्त पोटात गेल्याने लघवीची आग थोडी कमी होतेही, आणि त्यामुळेच मूळ कारण वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मूळ कारण हे असतं. पाळी गेली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन जवळजवळ थांबतं. त्याच्या जोरावर जाड आणि ओलसर राहणारं योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं. तिथे राहणारे चांगले जीवाणू आम्ल तयार करतात. त्यांना पोसणारा साठा अस्तरात उरत नाही. त्या जागेचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) एरवी ३.५ ते ४.५ असतो, तो ५ च्या वर जातो आणि लघवीच्या मार्गात शिरणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळतं. वर्षातून तीन-चारदा लघवीचं इन्फेक्शन आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स, हे चक्र पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये पुष्कळदा इथून सुरू होतं. अशा वेळी थोड्या मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं काम करतं, आणि त्याला उगाच घाबरण्याचं कारण नाही. पण ते औषध आहे. त्याला माप आहे, आणि चुका बहुतेक मापातच होतात.

पहिलं काम म्हणजे हातातली ट्यूब नक्की कशाची आहे ते वाचणं. "हार्मोनचं क्रीम" म्हणून घराघरांत तीन-चार वेगळ्याच गोष्टी सापडतात. एक म्हणजे आत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम: एस्ट्रिऑल किंवा कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन. दुसरं, हातावर किंवा मांडीवर चोळायचं एस्ट्राडिऑल जेल. ते कातडीतून रक्तात जातं आणि अंगात एकदम उसळणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम यांसाठी देतात. तिसरं, प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे अंडाशयातल्याच दुसऱ्या हार्मोनचं, जेल किंवा क्रीम. आणि चौथं, ज्याने सर्वांत जास्त घोटाळा होतो ते: बेटामेथॅसोन किंवा क्लोबेटॅसॉल असलेलं स्टेरॉइड क्रीम. खाजेवर म्हणून मेडिकलमधून आणलेल्या "तीन औषधं एकत्र" अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. स्टेरॉइडही हार्मोनच, पण काम उलटं. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, गजकर्ण दबून पसरतो आणि ओळखूही येत नाही. २०१८ मध्ये सरकारने कातडीवर लावायच्या स्टेरॉइडच्या अनेक औषधांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती याचसाठी. ट्यूबवर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे एवढं ध्यानात ठेवा, शेजारणीला लागू पडलं असलं तरी.

मात्र योनीच्या बाहेरच्या कातडीवर पांढरे, कागदासारखे सुरकुतलेले चट्टे आणि रात्री झोप उडवणारी खाज असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्यावर इस्ट्रोजेन चालत नाही, तिथे तेच कडक स्टेरॉइड डॉक्टरच्या नजरेखाली लागतं. म्हणून तपासणी न करता फोनवर क्रीमचं नाव विचारू नका आणि सांगूही नका.

"वाइल्ड याम"च्या म्हणजे एका रानकंदाच्या क्रीमने शरीर आपोआप प्रोजेस्टेरॉन बनवतं, असं ऑनलाइन विकणारे सांगतात. त्या कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनतं हे खरं, पण प्रयोगशाळेत. माणसाच्या शरीरात ती प्रक्रिया होत नाही.

आता माप. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर एस्ट्रिऑल क्रीम लिहून देतात. त्याची ताकद १ ग्रॅमला १ मिलिग्रॅम असते. नेहमीचा डोस अर्धा ग्रॅम क्रीम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम औषध: रोज रात्री झोपताना २ ते ३ आठवडे, नंतर आठवड्यातून दोनदा. सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून टाका, म्हणजे विसर पडत नाही. कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचं क्रीम १ ग्रॅमला ०.६२५ मिलिग्रॅमचं असतं. त्याचाही डोस सहसा अर्धा ग्रॅमच, पण क्रीम आत सोडण्यासाठी ट्यूबसोबत मिळणाऱ्या त्याच्या नळीवर (अ‍ॅप्लिकेटरवर) २ ग्रॅमपर्यंत खुणा असतात. नळी काठोकाठ भरली की चौपट औषध आत गेलं. (हे इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. एस्ट्रिऑलचा पर्याय आहे.)

मापाची सोपी पडताळणी ट्यूब पाहून होते. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अर्ध्या ग्रॅमचे ३० डोस. दोन आठवडे रोज म्हणजे १४ गेले, उरलेले १६ डोस आठवड्याला दोन या हिशेबाने आणखी ८ आठवडे. ट्यूब सुमारे अडीच महिने पुरायला हवी. महिन्याभरात संपली तर जास्त लावताय, किंवा रोजचा काळ संपल्यावरही रोजच लावताय. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही. उलट जास्तीचं रक्तात जातं, छाती जड होते, दुखते, आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ लागतं.

लावायची पद्धत अशी. लघवीला जाऊन या. हात साबणाने धुवा, नखांच्या खालचेही. बिडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांत तंबाखूची पूड राहते, ती त्या नाजूक जागी जोरात झोंबते; शेंगा चटणी कुटल्यानंतरच्या तिखटाचंही तेच. नवी ट्यूब असेल तर टोपणाच्या उलट टोकाने सील फोडा. नळी ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवा. ट्यूब खालच्या टोकाकडून हळू दाबा. नळीतला दांडा मागे सरकत खुणेच्या कड्यापर्यंत आला की थांबा. नळी काढून ट्यूबचं टोपण लगेच लावा. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या. नळी सरळ वर नको, कमरेच्या दिशेने तिरकी, आरामात जाईल तेवढीच. अडली तर जोर लावू नका, नळीच्या टोकाला थोडं क्रीम बाहेरून लावून पुन्हा पाहा. दांडा शेवटपर्यंत दाबा आणि मगच नळी बाहेर काढा. दांडा अर्धा दाबून नळी ओढली की औषधाचा बराचसा भाग नळीतच परत येतो, आणि "गुण येत नाही" या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच निघतं.

दांडा नळीतून पूर्ण ओढून काढा. दोन्ही भाग कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वाकतं आणि खुणेचा भरवसा राहत नाही. कपडे धुवायची पावडरही नको. नळी एकीचीच असते, बहिणी-बहिणींतही वाटून वापरायची नाही.

ज्यांना नळी आत जातच नाही, आणि लग्न न झालेल्या किंवा बरीच वर्षं संबंध नसलेल्या बायकांना हे होतं, त्यांनी बोटाने लावलं तरी चालतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम भरतो. नख कापलेलं असावं, अंगठी काढून ठेवावी. थोडं तोंडाशी, थोडं आत. लघवीच्या छिद्राभोवतीही हलक्या हाताने लावा, जळजळीचं मूळ तिथेही असतं.

पहिले सात-आठ दिवस थोडं चुरचुरतं, कारण अस्तर पातळ असतं. ते आपोआप कमी होतं. फरक दोन-तीन आठवड्यांत कळतो, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. वारीला गेलात किंवा लग्नघरात आठवडा गेला आणि एखादा डोस चुकला तर आठवेल त्या रात्री लावा. दोन डोस एकदम नकोत. क्रीम बंद केलं की काही आठवड्यांत त्रास परत येतो, म्हणून बरं वाटलं की सोडलं असं करू नका.

संबंधापूर्वी ओलसरपणासाठी हे क्रीम वापरू नका. ते जोडीदाराच्या कातडीतूनही शिरतं. त्यासाठी पाण्यावर आधारलेलं वंगण वेगळं मिळतं. काही क्रीममधल्या तेलाने कंडोम कमजोर होतो, खोबरेल तेलानेही होतो.

क्रीम सुरू असताना दह्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटली तर ती बहुधा बुरशी आहे. मधुमेह असेल तर ती जास्त होते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी. आधी साखर आणि लघवी तपासा. आणि डेटॉल, वॉश, साबण यांनी आतून धुणं पूर्ण बंद करा. त्याने कोरडेपणा वाढतो.

चोळायच्या एस्ट्राडिऑल जेलचे नियम वेगळे, आणि इथे धोका दुसऱ्यांनाही असतो. ०.०६ टक्क्यांच्या जेलच्या एका पंपात १.२५ ग्रॅम जेल, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम औषध. ते दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरवायचं, छातीवर नाही. छाती वाढावी म्हणून इस्ट्रोजेन चोळण्याचा प्रकार तर कधीच करू नका. जेल पूर्ण वाळू द्या, हात साबणाने धुवा, तासभर त्या जागेला पाणी लावू नका आणि कोणाला तिथे टेकू देऊ नका. अंगावरून दुसऱ्यांना लागलेल्या इस्ट्रोजेनमुळे लहान मुलांना छाती येऊ लागल्याची उदाहरणं पुढे आली आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने अशा एका त्वचेवरच्या फवाऱ्याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे आजी दंडाला जेल लावते आणि नातवाला कुशीत घेऊन एकाच सोलापुरी चादरीत झोपते. तिथे जेल मांडीला लावावं, वाळल्यावर पायजमा किंवा परकर घालावा, आणि अंग पुसायचा टॉवेल वेगळा ठेवावा. टॉवेलच्या धाग्यांत जेल सहज अडकतं.

जेल किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांच्या बाबतीत एका प्रश्नावर सगळं ठरतं: पिशवी आहे की काढली? गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत नेतं आणि कर्करोगाची शक्यता वाढवतं. सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, साधारण महिन्यातून १२ दिवस २०० मिलिग्रॅम किंवा रोज १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. कातडीवरचं प्रोजेस्टेरॉन क्रीम या कामाला पुरत नाही, त्याचं रक्तात पुरेसं प्रमाणच जात नाही. काही प्रोजेस्टेरॉन कॅप्सूल शेंगदाण्याच्या तेलात असतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मेडिकलवाल्याला घटक वाचायला लावा. मात्र योनीतल्या अर्ध्या ग्रॅमच्या डोसाला प्रोजेस्टेरॉनची जोड सहसा लागत नाही. ट्यूबच्या खोक्यातल्या कागदावर पक्षाघाताचा झटका, रक्ताची गुठळी, छातीचा कर्करोग असे इशारे वाचून पुष्कळ जणी क्रीम न लावताच ठेवून देतात. ते इशारे मुख्यतः २००२ मध्ये थांबवलेल्या अमेरिकेतल्या गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासातून आलेले आहेत. त्या गोळ्या रोज तोंडाने घेतलेल्या होत्या, योनीत लावायच्या थोड्या मात्रेच्या क्रीमचा तो अभ्यास नव्हता.

तरीही काही जणींनी ते डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. छातीचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, यकृताचा मोठा आजार असेल तर. छातीच्या कर्करोगासाठीच्या लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल गोळ्या चालू असतील तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही, कारण या गोळ्यांचं काम इस्ट्रोजेन शून्यावर आणणं हेच असतं. मिश्री, तंबाखू, बीपी, साखर यांतलं काहीही लपवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पाळी बंद होऊन १२ महिने झाल्यानंतर अंगावरून लाल गेलं, एक थेंब असो वा डाग, क्रीम सुरू असो वा नसो, ते उष्णतेने झालेलं नसतं असंच धरून चाला. क्रीम थांबवा आणि त्याच आठवड्यात आतून सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयाचं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याचा तुकडा काढून तपासतात. घरच्यांना सांगायला संकोच वाटतो म्हणून महिने घालवू नका. शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत रोज अशा बायका तपासल्या जातात, अक्कलकोट-बार्शीहूनही येतात. नुसतं "अंगावर जातंय" म्हणा, पुढचं डॉक्टर विचारतात.

ठेवायची जागा. बहुतेक ट्यूबवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात पारा ४० च्या वर जातो. क्रीम पातळ होऊन तेल वेगळं झालं, रंग किंवा वास बदलला तर ती ट्यूब वापरू नका, डोस सगळीकडे सारखा राहत नाही. फ्रीज असेल तर घट्ट डब्यात दाराच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. फ्रीज नसेल तर डबा माठाशेजारी सावलीत, खिडकीपासून लांब. पहिल्यांदा उघडल्याची तारीख ट्यूबवर पेनाने लिहा, आणि शेजारी एक मोठं अक्षर: "आत" किंवा "मांडी". गुडघेदुखीच्या जेलची आणि मूळव्याधीच्या क्रीमची ट्यूब त्याच डब्यात असेल तर ती तिथून काढा. अंधारात हाताला लागेल ती ट्यूब उचलली जाते आणि दुखण्याचं जेल त्या जागी लावलं की जी आग होते ती तासन्‌तास जात नाही. असं झालंच तर भरपूर साध्या पाण्याने बाहेरून धुवा, आतून साबण नको, आणि आग थांबली नाही तर ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.