रॉकसाठी परवडणारा ट्यूब काँबो घेताय? या चुका टाळा

“बजेट एवढं आहे, रॉक वाजवायचंय, कुठला ट्यूब ॲम्प घेऊ?” असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो: राहतोस कुठे, आणि ॲम्प वाजणार कुठे? समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमधला वन बीएचके आणि कोपरखैरण्यातलं दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेलं सिडकोचं घर, दोन्हीकडे उत्तर वेगळं येतं. बँडची तालीम जॅमरूममध्येच होत असेल, तर आणखी वेगळं. ब्रँड, मॉडेल, रंग हे सगळं त्यानंतर. (नवख्यांसाठी: ट्यूब ॲम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, आणि काँबो म्हणजे ॲम्प व स्पीकर एकाच पेटीत.)

वॅट बघून ॲम्प ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोकांना वाटतं ३० वॅट म्हणजे १५ वॅटच्या दुप्पट आवाज. तसं नसतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यामुळे १५ आणि ४० वॅटच्या ॲम्पमधला फरक किमतीत आणि वजनात जेवढा जाणवतो, तेवढा कानाला जाणवत नाही.

आता हाच हिशोब उलटा लावा. सेलेस्टियन ग्रीनबॅक या प्रसिद्ध स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे, म्हणजे त्याला फक्त १ वॅट दिला तरी एक मीटरवर ९८ डेसिबल आवाज येतो. १५ वॅट दिले की तो ११० च्या आसपास जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मधे भिंत असते हे खरं, पण गिटारच्या जाड तारांचा घुमारा भिंतीला फारसा जुमानत नाही. म्हणून “१ वॅटचा आहे, घरात काय होतंय” असं म्हणून फुल्ल वाजवणाऱ्याच्या दारावर सेक्रेटरी काका येतातच. दुपारी दोन ते चार ही वेळ तर विसराच.

मग ट्यूब ॲम्प घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण कमी आवाजात नीट वाजतो का हे बघून. रॉकचा जो फाटका, भरीव आवाज आपल्याला हवा असतो, तो दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे पुढच्या छोट्या ट्यूब, म्हणजे प्रीॲम्प. दुसरं म्हणजे स्पीकर ढकलणाऱ्या मोठ्या ट्यूब, म्हणजे पॉवर ॲम्प. ज्या ॲम्पमध्ये गेन (प्रीॲम्पचा जोर) आणि मास्टर व्हॉल्यूम (शेवटी बाहेर पडणारा आवाज) वेगळे असतात, तिथे प्रीॲम्प तापवून मास्टर खाली ठेवता येतो. पॉवर ट्यूबचा आवाज हवा असेल तर मात्र मास्टर वर न्यावाच लागतो, आणि तिथे फ्लॅटमध्ये गाडी अडते. हल्ली बऱ्याच ॲम्पना मागे पॉवर कमी करायचा स्विच असतो. मार्शलचा डीएसएल२०सीआर २० वॅटवरून १० वर येतो, डीएसएल५सीआर ५ वरून अर्ध्या वॅटवर. पण वरचा हिशोब आठवा: २० चे १० झाले म्हणजे ३ डेसिबलच गेले. स्विच कामाचा आहे, मात्र तो शेजाऱ्यांसाठी नाही, तुमच्या टोनसाठी आहे.

आमच्या ओळखीच्या एका पोराने हौसेने ४० वॅटचा काँबो घेतला. खारघरला, नवव्या मजल्यावर. त्याचं व्हॉल्यूमचं बटण अडीच वर्षांत दोनच्या पुढे गेलेलं नाही. दोनवर तो ॲम्प पातळ आणि निर्जीव वाजतो, म्हणून पोरगा त्यापुढे डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज फाडणारी पायाने दाबायची डबी लावतो. म्हणजे पैसे ट्यूबचे गेले आणि आवाज पेडलचा येतो.

जॅमरूमसाठी आणि छोट्या कार्यक्रमांसाठी १५ ते २० वॅट ड्रमरसमोर पुरतात, अट एवढीच की तुम्हाला अगदी स्वच्छ आवाज त्या पातळीवर नको असावा. मोठ्या ठिकाणी तसाही माइक लागतो. १५ डिसेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू२ हा आयरिश रॉक बँड वाजवून गेला. त्यांचा गिटारिस्ट एज ज्या ॲम्पसाठी ओळखला जातो तो व्हॉक्स एसी३०, म्हणजे ३० वॅटचा काँबो. स्टेडियमभर पोचवायचं काम साउंड सिस्टिमचं असतं, ॲम्पचं नाही.

डब्यावर ‘ट्यूब’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणं

काही ॲम्पमध्ये प्रीॲम्पला एकच १२एएक्स७ ट्यूब असते आणि पुढचं सगळं ट्रान्झिस्टरवर चालतं. व्हॉक्सचा व्हीटी४०एक्स किंवा मार्शलची जुनी व्हॉल्व्हस्टेट मालिका ही याची उदाहरणं. हे ॲम्प वाईट मुळीच नाहीत, फ्लॅटमध्ये कित्येकदा तेच जास्त शहाणपणाचे. पण ऑल-ट्यूब समजून तेवढी किंमत मोजू नका. ओळख सोपी आहे: मागच्या जाळीतून बघा. ईएल८४, ईएल३४ किंवा ६एल६ असल्या मोठ्या ट्यूब आणि दोन जड ट्रान्सफॉर्मर दिसले तर ऑल-ट्यूब. छोट्या ऑल-ट्यूब ॲम्पमध्ये पॉवरला १२बीएच७ ही छोटी ट्यूबही असते, डीएसएल५सीआरमध्ये आहे तशी. तेवढं ध्यानात ठेवा.

आपल्या संगीताशी न जुळणारा सर्किटचा स्वभाव

फेंडरचा ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा, दोन ईएल८४, १२ इंची स्पीकर. ब्लूज आणि जुन्या धाटणीच्या रॉकला छानच, पण त्याचा मूळ स्वभाव स्वच्छ आवाजाचा आहे आणि त्याला इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधे पेडल जोडायची सेंड-रिटर्नची सोय) नाही. जड रिफ वाजवायचे असतील तर पुढे पेडल लागणारच. व्हॉक्स एसी१५ मध्येही दोन ईएल८४च आहेत, पण त्याचा आवाज लवकर फाटतो आणि वरच्या पट्टीत चकाकतो. कॉर्ड खणखणीत वाजवणाऱ्यांना तो आवडतो. दोन ईएल३४ वाला डीएसएल२० हार्ड रॉककडे स्वतःहून झुकतो, त्यात दोन चॅनल आहेत आणि लूपही आहे. माझा कौल विचाराल तर एकच ॲम्प घेऊन रॉकचे सगळे प्रकार वाजवायचे असलेल्याने या तिसऱ्या जातीचा घ्यावा. एसी१५ घेणाऱ्याने सोबत ट्यूब स्क्रीमरसारखं एक ओव्हरड्राइव्ह ठेवावं आणि त्याचा ड्राइव्ह खाली, लेव्हल वर ठेवावी. पेडलने आवाज फाडायचा नाही, ॲम्पच्या तोंडावर जास्त सिग्नल फेकायचा.

डिले आणि रिव्हर्बचे पेडल असणाऱ्यांनी लूप नसलेला ॲम्प घेताना दोनदा विचार करावा. गेन ॲम्पचा आणि डिले त्याच्या आधी, असं झालं की सगळा चिखल होतो.

स्पीकरबद्दल थोडक्यात: ८ इंचीमध्ये तो पोट असलेला आवाज येत नाही. खोलीपुरता १० इंची चालेल, बँडसाठी १२ इंचीच.

अमेरिकेतून ‘स्वस्तात’ मागवणं

मावसभाऊ न्यू जर्सीहून येतोय, येताना आणेल, हा बेत ठाण्या-डोंबिवलीत दर हिवाळ्यात शिजतो. तिथला ॲम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. महावितरणची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तो थेट लावलात तर पहिल्या क्षणी फ्यूज जाईल, आणि तेही नशीब चांगलं असेल तर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, पण हर्ट्झ बदलत नाहीत. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त गरम होतो. मागच्या पाटीवर ५०/६० लिहिलंय का ते बघा. आणि स्टेप-डाउन घेताना ॲम्पच्या आउटपुटचे वॅट धरू नका, पाटीवरचे विजेच्या वापराचे वॅट धरा, आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. १५ वॅटचा ट्यूब ॲम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, ट्यूबच्या आतले हीटर तापवायलाच बरीच जाते. हा सगळा खर्च, वर ॲम्प वजनदार म्हणून विमानाचं जादा सामान, शिवाय वॉरंटी नाही. बेरीज केली की स्वस्ताई उरत नाही.

वापरलेला ॲम्प पाच मिनिटांत बघून उचलणं

सेकंडहँडमध्ये खरा फायदा आहे, पण बघायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि एक छोटी पॅच केबल न्या. ॲम्प निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. बरेच दोष ॲम्प तापल्यावरच तोंड वर काढतात. विकणारा “मी आधीच गरम करून ठेवलाय” म्हणाला तर तो बंद करून पूर्ण थंड करायला लावा आणि चहा पिऊन या.

मग एकेक नॉब शेवटपर्यंत फिरवा. खरखर झाली तर पोटेंशिओमीटर मळलेत. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा सुटतं, घाबरायचं कारण नाही. गिटार न जोडता व्हॉल्यूम वाढवा आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीॲम्पच्या ट्यूबला हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून मंद टकटक येणं साहजिक आहे. घंटेसारखा टणत्कार किंवा शिट्टी आली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे माइकसारखे हादरे पकडते आहे. तेवढ्यावरून सौदा मोडू नका, एका ट्यूबचे पैसे कमी करायला सांगा. पॉवर ट्यूबला मात्र हात लावू नका, भाजेल. त्यांच्याकडे नुसतं अंधारात बघा. आतली तार नारिंगी दिसणं बरोबर. काचेच्या आत तिच्याभोवतीचा करडा पत्रा लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करा आणि घरी परत या.

वजनही उचलून बघा. ब्लूज ज्युनियर १४ किलोच्या आसपास आहे, एसी१५ वीसच्या पुढे. सकाळी ८:३२ च्या लोकलमध्ये यातलं काहीच चढत नाही. रिक्षात ठेवताना मागच्या सीटवर ठेवा, पायाशी नको. आपल्या रस्त्यांवर ट्यूब सॉकेटमधून सैल होतात.

घरी आणल्यावरच्या तक्रारी

आवाज मधेच बसतो, पेडल बदलून बघितलं, केबल बदलून बघितली, ट्यूबचा नवा सेट टाकला, तरी तेच. इथल्या पावसाळ्यात हा प्रकार सर्रास होतो आणि दोष बहुतेकदा इफेक्ट्स लूपच्या रिटर्न जॅकमध्ये असतो. त्या जॅकमध्ये काही खोचलेलं नसतं तेव्हा आतली पत्र्याची जीभ सिग्नल पुढे नेते. दमट हवेत तिच्यावर गंज चढतो आणि संपर्क तुटतो. सेंड आणि रिटर्नमध्ये ती छोटी पॅच केबल लावून बघा. आवाज परत आला तर चोर सापडला. ॲम्प बंद करून प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तो जॅकमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. जून ते सप्टेंबर ॲम्प बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा.

घुंई असा आवाज येत असेल तर आधी गिटारची केबल काढा. आवाज गेला तर दोष गिटारचा, केबलचा किंवा खोलीतल्या डिमरचा आहे. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जागेवर वळून उभं राहा, एका दिशेला घुंई कमी होईल. केबल काढूनही राहिला तर कान द्या. खर्जातला ५० हर्ट्झचा आवाज बहुधा अर्थिंग किंवा हीटरकडे बोट दाखवतो. त्याहून एक सप्तक वरचा, जरा करवती १०० हर्ट्झचा, वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाल्याची खूण असते. घुंई जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग आहेत. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

स्पीकरची वायर काढून ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका, “फक्त लाइन आउट घेतोय” असं असलं तरी, जोवर कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि तो जळतो, आणि अख्ख्या ॲम्पमधल्या सर्वांत महाग भागांपैकी तो एक आहे. रात्री हेडफोनवर वाजवायचं असेल तर योग्य ओहमचा लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद झेलणारी पेटी लावा. फ्लॅटवाल्यांनी त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरलेले बरे.

ट्यूब बदलताना: प्रीॲम्पच्या सरळ काढून घाला, बायस (ट्यूबमधून किती करंट वाहावा याचं सेटिंग) वगैरे काही नाही. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, दोन नावांनी विकणाऱ्याला हसून सोडून द्या. पॉवर ट्यूब जुळलेल्या जोडीतच घ्या. एसी१५ सारख्या कॅथोड बायस, म्हणजे बायस आपोआप जुळणाऱ्या ॲम्पला पुढे काही करावं लागत नाही; डीएसएल२०ला बायस लावून घ्यावा लागतो आणि ते काम जाणकाराचंच. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा, म्हणजे स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा) असेल तर स्लो-ब्लोच, घाला. जाड फ्यूज किंवा चांदीचा कागद लावून वेळ मारून नेणाऱ्यांनी पुढे ट्रान्सफॉर्मर भरून घेतलेत. नवाही लगेच गेला तर ॲम्प बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या, पॉवर ट्यूब काढून पुन्हा एक फ्यूज घालून बघा. टिकला तर बहुधा ट्यूब शॉर्ट झाली आहे, नवी जोडी घ्या. तरीही उडाला तर तिसरा फ्यूज वाया घालवू नका, ॲम्प टेक्निशियनकडे द्या, आणि देताना हे दोन्ही प्रयोग केल्याचं त्याला सांगा. त्याचा तासभर वाचतो.